डिजिटल डॉलरची हुंडणावळ

क्रिप्टो वॉलेटमधून डॉलरचं टोकन पाठवायला घेतलं, की तीन प्रश्न येतात. कुणाला? किती? आणि कुठल्या नेटवर्कवरून? पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं पाठवणाऱ्याला ठाऊक असतात. तिसऱ्यापाशी बोट अडतं. समोर यादी असते: इथेरियम, ट्रॉन, सोलाना, पॉलिगॉन, बेस आणि आणखी दहा-बारा नावं. प्रत्येकापुढे वेगळं शुल्क. डॉलर तोच, रक्कम तीच, तरी एका रस्त्याला एका सेंटहून कमी आणि दुसऱ्याला काही डॉलर. शिवाय समोरच्याकडे चालत नसलेला रस्ता निवडला, तर पैसे परत मिळतीलच याची खात्री नाही.

पैशांच्या व्यवहारांचं सॉफ्टवेअर लिहिणं हे माझं काम आहे. ही यादी कुठल्या क्रमाने दाखवायची, कुठलं नाव आधीच निवडलेलं ठेवायचं, यावर आमच्याकडे तासन्‌तास चर्चा होतात. त्यात शुल्क असतं, वेग असतो, एका सेकंदात किती व्यवहार होतात ते असतं. हे आकडे असे का झाले, याबद्दल मात्र सहसा कुणी बोलत नाही. ती यादी म्हणजे दहा-अकरा वर्षांचा इतिहास आहे. स्वस्त रस्ता सापडला, तिथे गर्दी झाली, तो महाग झाला, लोक दुसरीकडे गेले, असा हा इतिहास आहे. स्वस्ताईची किंमत दर वेळी कुणीतरी मोजलीच, हेही त्यातून दिसतं.

हुंडी, कसर आणि अडत्या

स्टेबलकॉइनची कल्पना साधी आहे. एक कंपनी म्हणते, माझ्याकडे एक डॉलर ठेवा, मी त्याबदली एक टोकन देते. टोकन परत आणा आणि डॉलर घेऊन जा. टेदर आणि यूएसडीसी ही यातली दोन सर्वांत मोठी नावं. मधल्या काळात ते टोकन या वॉलेटमधून त्या वॉलेटमध्ये कितीही वेळा फिरू शकतं. डॉलर जागेवरच राहतो, त्यावरचा हक्क फिरतो.

आपल्याकडे हे नवीन नाही. पेशवाईत पुण्याहून दूरच्या मुलखात रक्कम पोचवायची, तर रुपयांच्या थैल्या पाठवणं जोखमीचं होतं. मग सावकाराकडे पैसे भरून हुंडी घ्यायची. ती दुसऱ्या गावच्या पेढीवर दाखवली, की तिथे रोकड मिळायची. या कामाबद्दल सावकार जी कसर घेई, ती हुंडणावळ. त्यावर बट्टा असायचा तो वेगळाच. कारण अंकुशी, चांदवडी, हाली सिक्का असे अनेक रुपये चलनात होते आणि एका रुपयाचा दुसरा करताना सराफ आपला वाटा काढून घेत असे.

हुंडी घेताना माणूस हुंडणावळीचा दर विचारायचाच, पण तो पहिला प्रश्न नसे. ज्या गावी पैसे हवेत, तिथे या सावकाराचा अडत्या आहे का आणि तो हुंडी पटवेल का, हे आधी बघावं लागे. अडत्याच नसेल, तर फुकट मिळालेल्या हुंडीचा कागद चुलीत घालायच्या कामाचा. १८८० मध्ये टपाल खात्याने मनीऑर्डर सुरू केली आणि पुढे मुंबईच्या गिरण्यांतला कामगार कोकणात, घाटावर पैसे पाठवू लागला, तेव्हाही हाच हिशेब होता. पोस्टमन घरापर्यंत जात होता.

ही जुनी अक्कल डिजिटल डॉलरला पुन्हा नव्याने शिकावी लागली.

बिटकॉइनच्या पाठीवर

टेदरची सुरुवात २०१४ मध्ये ‘रिअलकॉइन’ या नावाने झाली आणि त्याच वर्षी नाव बदलून टेदर झालं. तेव्हा निवडायला फारसं काही नव्हतं. भरवशाचं म्हणावं असं मोठं नेटवर्क एकच, बिटकॉइन. पण बिटकॉइनवर फक्त बिटकॉइन पाठवता येतं. डॉलरची नोंद करायला तिथे रकाना नाही. म्हणून ‘ऑम्नी’ नावाची एक युक्ती वापरली गेली. बिटकॉइनच्या व्यवहाराला थोडासा मजकूर जोडता येतो. त्यात ‘इतके टेदर इकडून तिकडे’ असं लिहायचं आणि ऑम्नीचं सॉफ्टवेअर ते वाचून हिशेब ठेवणार. दुसऱ्याच्या पोस्टकार्डाच्या कोपऱ्यात आपला निरोप लिहावा, तसं हे होतं.

निरोप कोपऱ्यातला असला, तरी तिकीट पूर्ण पोस्टकार्डाचंच लागतं. बिटकॉइनवर साधारण दर दहा मिनिटांनी एक ब्लॉक तयार होतो आणि त्यातली जागा मोजकी असते. जास्त पैसे देणाऱ्याचा व्यवहार आधी लागतो. शुल्क रकमेवर नसतं, व्यवहार किती जागा अडवतो त्यावर असतं. शंभर डॉलर पाठवा की एक कोटी, जागा जवळपास तेवढीच. २०१७ च्या डिसेंबरमध्ये बिटकॉइनचा भाव २०,००० डॉलरच्या जवळ गेला, सगळं जग खरेदीला धावलं, आणि एका व्यवहाराचं सरासरी शुल्क काही दिवस ५० डॉलरच्याही वर गेलं. बिटकॉइनच्या भावाशी काही देणंघेणं नसलेल्या, फक्त डॉलर हलवणाऱ्या माणसालाही तेच तिकीट काढावं लागलं.

यातून पहिला धडा मिळाला. ब्लॉकचेनवरचं शुल्क हे बरंचसं जागेचं भाडं असतं आणि शेजारी कोण राहायला येतो त्यावर ते ठरतं.

इथेरियमचा लिलाव

इथेरियम ३० जुलै २०१५ ला सुरू झालं. तिथे टोकन हा कोपऱ्यातला मजकूर नव्हता. ईआरसी-२० नावाचा एक सामाईक नमुना होता. त्यानुसार काही ओळींचा प्रोग्रॅम लिहिला, की कुणालाही टोकन काढता येत होतं आणि सगळी वॉलेट्स ते ओळखत होती. टेदर हळूहळू तिकडे सरकला. २०१८ मध्ये सर्कल आणि कॉइनबेस यांनी यूएसडीसी आणलं, तेही इथेरियमवरच.

इथेरियमवर कामाची मोजणी ‘गॅस’मध्ये होते. साधा इथर पाठवायला २१,००० गॅस लागतो, टेदरसारखं टोकन पाठवायला त्याच्या दुप्पट-तिप्पट. एका गॅसचा भाव ‘ग्वेई’मध्ये, म्हणजे इथरच्या अब्जाव्या भागात, आणि तो गर्दीनुसार वर-खाली होतो. समजा ६५,००० गॅस लागला, भाव १०० ग्वेई आहे आणि इथर ३,००० डॉलरला आहे. गुणाकार केला की साडेएकोणीस डॉलर येतात. २०२१ मध्ये हे आकडे काही नवलाचे नव्हते. दोनशे डॉलर घरी पाठवणाऱ्याला हे जवळपास दहा टक्के पडतात. जागतिक बँकेच्या हिशेबात तेवढेच दोनशे डॉलर जुन्या मार्गांनी देशाबाहेर पाठवायला सरासरी सहा टक्क्यांच्या आसपास खर्च येतो. म्हणजे दलाल हटवायला निघालेलं तंत्रज्ञान दलालांपेक्षा महाग पडत होतं.

इथला शेजारही गमतीशीर होता. २०१७ च्या डिसेंबरमध्ये डिजिटल मांजरांच्या खरेदी-विक्रीने नेटवर्क तुंबलं. ३० एप्रिल आणि १ मे २०२२ च्या सुमारास एका काल्पनिक जगातली जमीन विकायला निघाली, तेव्हा खरेदीदारांनी नुसत्या गॅसवर १५ कोटी डॉलरहून अधिक उधळले. त्या काही तासांत कुणाला डॉलरमध्ये पगार पाठवायचा असेल, तर त्यालाही त्याच लिलावात उभं राहावं लागलं.

दशांशचिन्ह आणि ट्रॉन

या गर्दीतून वाट काढायला ट्रॉन आलं. जस्टिन सन यांचं हे नेटवर्क २०१८ मध्ये सुरू झालं आणि २०१९ च्या एप्रिलमध्ये टेदर त्यावर आला. रचना इथेरियमच्या वळणावरची, पण एक मोठा फरक होता. ब्लॉक तयार करण्याचं काम फक्त २७ निवडलेल्या प्रतिनिधींकडे. दर तीन सेकंदांना ब्लॉक. इतक्या थोड्या लोकांत एकमत पटकन होतं, म्हणून काम झटपट आणि सुरुवातीला जवळपास फुकट.

त्याच वर्षीचा एक किस्सा माझ्यासारख्या माणसाला विसरता येत नाही. १३ जुलै २०१९ ला पोलोनिएक्स या एक्स्चेंजचे टेदर ऑम्नीवरून ट्रॉनवर हलवायचे होते. पाच कोटी टोकन काढायची होती, निघाली पाचशे कोटी. दशांश स्थळांचा घोळ झाला असं टेदरकडून सांगण्यात आलं. ऑम्नीवर टेदर आठ दशांश स्थळांपर्यंत मोजला जाई, ट्रॉनवर सहा. दोन स्थळांचा फरक म्हणजे बरोबर शंभरपट. जादाची टोकन लगेच नष्ट केली गेली. पण त्या थोड्या वेळाने एक गोष्ट दाखवून दिली. नेटवर्क बदलणं ही फक्त रस्त्याची निवड नाही. दर वेळी कुणीतरी एका वहीतून आकडे खोडून दुसऱ्या वहीत लिहीत असतं, आणि ते लिहिणारा हात कंपनीचा असतो.

ट्रॉन जिंकलं ते मात्र नुसत्या वेगामुळे नाही. एक्स्चेंजांनी ट्रॉनवरून पैसे काढायला सपाट एखादा डॉलर शुल्क लावलं, आणि लोकांना समजेल असा आकडा पहिल्यांदा मिळाला. ज्यांना डॉलरची खरी गरज होती, ते लोक तिकडे वळले. अर्जेंटिनाचं उदाहरण घ्या. तिथे २०१९ च्या अखेरीपासून सामान्य माणसाला महिन्याला अधिकृतपणे फक्त २०० डॉलर घेता येत होते, आणि २०२३ च्या अखेरीस वार्षिक महागाई २०० टक्क्यांच्या वर होती. ब्यूनस आयर्समध्ये डॉलरची चोरटी देवघेव करणाऱ्या ठिकाणांना ‘कुएवा’ म्हणतात. शब्दशः अर्थ गुहा. कागदी डॉलर घेणाऱ्या या गुहा टेदरही घेऊ लागल्या.

हे का महत्त्वाचं, ते टेदर कंपनीच्या नियमातून कळतं. कंपनीकडून थेट डॉलर परत घ्यायचे, तर किमान रक्कम १,००,००० डॉलर. म्हणजे दोनशे डॉलरवाल्याला कंपनीचं वचन प्रत्यक्षात उपयोगाचं नाही. त्याला गल्लीतला अडत्याच लागतो, आणि तो जे नेटवर्क घेतो, तेच याचं नेटवर्क. २०२१ मध्ये ट्रॉनवरच्या टेदरने इथेरियमवरच्या टेदरला मागे टाकलं.

मग ठरलेलंच घडलं. ट्रॉनवर टेदर पाठवायला ‘एनर्जी’ नावाचं इंधन लागतं: घेणाऱ्याकडे आधीपासून टेदर असेल तर सुमारे ६५,००० एकक, नसेल तर त्याच्या दुप्पट. इंधनाचा दर ट्रॉनच्या नाण्यात ठरलेला होता आणि नाण्याचा भाव चढत गेला. २०२५ च्या मध्यापर्यंत साध्या व्यवहाराला साडेतेरा नाणी, म्हणजे चार डॉलरच्या पुढे लागू लागले. नव्या पत्त्यावर पाठवायचे तर दुप्पट. त्या ऑगस्टमध्ये प्रतिनिधींनी मत देऊन इंधनाचा दर २१० वरून १०० सनवर आणला, म्हणजे निम्म्याहून खाली. ग्राहकांना हायसं वाटलं, पण २७ जणांना जे कमी करता येतं, ते वाढवताही येतं.

‘मुंबई’ नावाचं नेटवर्क

दरम्यान इथेरियमच्या आसपास दुसरे स्वस्त रस्ते तयार होत होते. त्यातला एक आपल्या घरचा. जयंती कनानी, संदीप नैलवाल आणि अनुराग अर्जुन यांनी २०१७ मध्ये मुंबईतून मॅटिक नेटवर्क उभारायला घेतलं. २०२१ मध्ये त्याचं नाव पॉलिगॉन झालं. शंभरेक व्हॅलिडेटर, पटकन होणारे व्यवहार, शुल्क बहुतेक वेळा सेंटच्या आत-बाहेर. नवीन प्रोग्रॅम खऱ्या पैशांवर सोडण्याआधी तपासण्यासाठी त्यांनी एक चाचणी नेटवर्क ठेवलं होतं, त्याचं नाव ‘मुंबई’. माझ्या पिढीच्या कितीतरी इंजिनिअरांनी, त्यात मीही आलो, पहिला खोटा डॉलर मुंबईवरून मुंबईला पाठवला. एप्रिल २०२४ मध्ये ते चाचणी नेटवर्क बंद झालं.

पॉलिगॉनलाही शेजाराचा त्रास चुकला नाही. जानेवारी २०२२ मध्ये सूर्यफुलांची शेती करण्याचा एक खेळ तिथे इतका चालला, की सगळ्या नेटवर्कचं शुल्क भडकलं. कुणाच्या पैशांच्या वाटेत कुणाची तरी सूर्यफुलं आली.

त्याहून गंभीर प्रश्न पुलांचा आहे. एका नेटवर्कवरचा डॉलर दुसऱ्यावर नेताना अनेकदा मूळ टोकन एका पेटीत कुलूपबंद होतं आणि पलीकडे त्याची पावती मिळते. वॉलेटमध्ये ही पावतीही डॉलरसारखीच दिसते. पेटी फुटली, तर पावती हातात राहते. मार्च २०२२ मध्ये रोनिन नेटवर्कच्या पुलाची पेटी फुटली. राखणदार फक्त नऊ, त्यांतल्या पाचांच्या चाव्या मिळाल्या की काम झालं. चोरांनी ६० कोटी डॉलरहून जास्त रक्कम नेली. पॉलिगॉनवरही कंपनीचं स्वतःचं यूएसडीसी २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये आलं. त्याआधी तिथे फिरत होतं ते पुलावरून आलेलं यूएसडीसी. नाव सारखं, पण देणेकरी वेगळा.

सोलानाची गोष्ट तिसऱ्या प्रकारची. तिथलं मूळ शुल्क इतकं कमी, की सेंटच्याही अपूर्णांकात मोजावं लागतं. पण सप्टेंबर २०२१ मध्ये हे नेटवर्क सुमारे सतरा तास बंद पडलं, आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये पुन्हा जवळपास पाच तास. पैसे बुडाले नाहीत, हललेही नाहीत. दवाखान्याचं बिल भरायचं असेल, तर सतरा तास हे शुल्कापेक्षा महाग असतात.

शेवटी, कुठल्याही रस्त्याने गेलात, तरी टोकन काढणाऱ्या कंपनीच्या हातात एक कळ असते. टेदरच्या प्रोग्रॅममध्ये एखादा पत्ता गोठवायची सोय लिहिलेली आहे, यूएसडीसीतही आहे. ट्रॉनवरच्या स्वस्त टेदरचा फायदा घरी पैसे पाठवणाऱ्यांनी घेतला, तसा ठगांनीही घेतला. २०२४ च्या जानेवारीत संयुक्त राष्ट्रांच्या अमली पदार्थ आणि गुन्हेगारीविषयक कार्यालयाने आग्नेय आशियातल्या ऑनलाइन फसवणुकीत तोच पसंतीचा मार्ग असल्याचं नोंदवलं. पुढच्याच महिन्यात सर्कलने ट्रॉनवर यूएसडीसी काढणं थांबवलं. ज्यांनी तो रस्ता फक्त शुल्क बघून धरला होता, त्यांना आपली टोकन हलवावी लागली.

मग निवडायचं कसं?

१३ मार्च २०२४ ला इथेरियममध्ये एक मोठा बदल झाला. त्याच्या आधाराने चालणाऱ्या बेस, आर्बिट्रम, ऑप्टिमिझम या नेटवर्कांना माहिती ठेवायला वेगळी, स्वस्त जागा मिळाली आणि तिथलं शुल्क सेंटच्या आसपास आलं. २०२५ च्या सप्टेंबरमध्ये प्लाझ्मा नावाचं नेटवर्क टेदर फुकट पाठवण्याची सोय घेऊन उतरलं. म्हणजे ‘सर्वांत कमी शुल्क कुणाचं’ या प्रश्नात आता फारसा दम उरलेला नाही. यादीतली निम्मी नावं त्या परीक्षेत पास होतात.

म्हणून हिशेब पलीकडच्या टोकाकडून मांडायला हवा. समजा २०० डॉलर पाठवायचे आहेत. टोकन विकत घेताना एक टक्का गेला आणि तिकडे विकताना एक टक्का, की चार डॉलर तिथेच संपले. आता मधलं शुल्क एक सेंट आहे की दहा, याने काय फरक पडतो? पण अडत्या फक्त ट्रॉन घेत असेल आणि तुम्ही बेसवरून पाठवलंत, तर फरक दोनशे डॉलरचा पडतो. आपल्याकडे तर हे आणखी ठळक आहे. २०२२ पासून अशा टोकनांच्या नफ्यावर ३० टक्के कर आहे आणि विकताना साधारणपणे १ टक्का टीडीएस कापला जातो. तो एक टक्काच बहुतेक नेटवर्कांच्या शुल्कापेक्षा जड आहे. परदेशातून पैसे आणण्याचे नियम वेगळेच. देशातल्या देशात तर यूपीआय असताना हा खटाटोप करायचं कारण नाही.

युक्रेनमध्ये २०२२ च्या डिसेंबरमध्ये संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासित संस्थेने विस्थापितांना यूएसडीसीमध्ये मदत देऊन पाहिली. त्यासाठी निवडलेलं नेटवर्क होतं स्टेलर. ते स्वस्त आणि वेगवान होतंच, पण तशी इतरही होती. स्टेलरचा मनीग्रामशी करार झालेला होता. टोकन दाखवून मनीग्रामच्या केंद्रावर रोकड घेता येत होती. निर्णय ठरला तो पलीकडच्या काउंटरवर.

आमच्या यादीबद्दल माझं मत त्यामुळे बदललं आहे. शुल्काच्या चढत्या क्रमाने नावं लावणं सोपं आहे, पण वापरणाऱ्याला त्याने चुकीचा प्रश्न सुचतो. स्क्रीनने आधी विचारावं: घेणारा हे टोकन कुठे मोडणार आहे? मग सांगावं, की हे टोकन मूळ कंपनीचं आहे की पुलावरची पावती. आणि पुढे पाठवायला घेणाऱ्याकडे त्या नेटवर्कचं स्वतःचं नाणं आहे का. या शेवटच्या मुद्द्यावर माणसं फार अडतात. वॉलेटमध्ये दोनशे टेदर पडलेले असतात आणि ट्रॉनचं नाणं एकही नाही, म्हणून ते हलवता येत नाहीत. हे सगळं झाल्यावर उरलेल्या नावांत खुशाल सर्वांत स्वस्त निवडावं.

आणि निवडलेला रस्ता कायमचा आहे असं मानू नये. २०२३ च्या ऑगस्टमध्ये टेदरने जाहीर केलं, की ऑम्नीवर यापुढे नवीन टोकन निघणार नाहीत. ज्यांच्याकडे असतील त्यांनी ती परत करावीत. ज्या रस्त्यावरून डिजिटल डॉलर पहिल्यांदा चालला, तो नऊ वर्षांत बंद झाला. सावकाराची पेढी उठायची, तेव्हा निदान गावात बोभाटा तरी व्हायचा. नेटवर्क बंद होतं, तेव्हा एका ब्लॉगवर चार परिच्छेद येतात, आणि ते वाचायची जबाबदारी दोनशे डॉलरवाल्याची असते.